राज्याचं फौजदारी विधेयक वाचायचं कसं: नवा गुन्हा, नवी शिक्षा आणि मधले सगळे थांबे

तलाठी कार्यालयात कुणीतरी रागाच्या भरात कर्मचाऱ्याची कॉलर धरली. गोष्ट महाराष्ट्रातली आणि २०१९ सालची असेल, तर भारतीय दंड संहितेचं कलम ३५३ लागतं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत, खटला सत्र न्यायालयात. तीच कॉलर ऑगस्ट २०२४मध्ये धरली असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, खटला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे.

कलम ३५३ची मूळ शिक्षा दोनच वर्षं होती. महाराष्ट्र विधानमंडळाने राज्यापुरती दुरुस्ती करून ती पाच वर्षांवर नेली आणि खटला सत्र न्यायालयाकडे दिला. ७ जून २०१८ पासून हे लागू झालं. पुढे संसदेने दंड संहिताच रद्द केली आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आणली. महाराष्ट्राने लावलेलं ठिगळ जुन्या कापडासोबतच गेलं. नव्या कलमात पुन्हा दोन वर्षं.

राज्याचं फौजदारी विधेयक आलं की चर्चा होते ती नावाची. ‘कठोर कायदा’, ‘ऐतिहासिक विधेयक’ वगैरे. पण शिक्षेचा आकडा किती आणि तो कशाच्या आधारावर उभा आहे, या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय त्या कायद्याबद्दल काहीच कळत नाही. तेवढं पाहायला वकील असायची गरज नाही. विधेयकाची प्रत, पेन्सिल आणि तासभर वेळ पुरतो.

पायरी १ : प्रत मिळवा आणि शेवटून वाचा

विधेयक सभागृहात मांडलं की त्याची प्रत विधानमंडळाच्या संकेतस्थळावर येते. बातमीवर विसंबू नका. बातमीत ‘दहा वर्षांची शिक्षा’ असं छापून येतं आणि विधेयकात ‘दहा वर्षांपर्यंत असू शकेल’ असं असतं. दोन्हींत किती अंतर आहे, ते आरोपीच्या घरच्यांना विचारावं.

आधी शेवटच्या पानांवरचं ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ वाचा. सरकारला हा गुन्हा आत्ताच का हवा आहे, ते तिथे सरकारच्याच शब्दांत असतं. सध्याचे कायदे अपुरे आहेत असं म्हटलं असेल, तर कोणते कायदे आणि कुठे अपुरे, हे लिहिलंय का ते बघा. त्याच्या जवळपास ‘वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन’ असतं. सभागृहात न येता पुढे नियमांनी काय काय ठरवलं जाणार, याची ती यादी.

विधेयकात ‘खंड’ असतात. विधेयकाचा अधिनियम झाला की त्यांची ‘कलमं’ होतात. मी पहिल्यांदा एका समितीला हरकती पाठवल्या, तेव्हा सगळीकडे ‘कलम’ लिहिलं होतंच, वर क्रमांकही आदल्या मसुद्यातले घातले होते. नव्या मसुद्यात एक खंड वाढला होता, त्यामुळे माझी प्रत्येक हरकत शेजारच्या खंडावर जाऊन पडली. तेव्हापासून क्रमांक आणि मसुद्याची तारीख दोनदा तपासतो.

मराठी प्रतीशेजारी इंग्रजी अनुवाद ठेवा. राजपत्रात राज्यपालांच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद संविधानाच्या अनुच्छेद ३४८(३) प्रमाणे प्राधिकृत इंग्रजी पाठ मानला जातो, आणि उच्च न्यायालयात बहुतेक युक्तिवाद त्यावरच होतात.

पायरी २ : हा विषय राज्याचा आहे का?

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. फौजदारी कायदा आणि फौजदारी प्रक्रिया हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत पहिल्या दोन नोंदींवर आहेत. म्हणजे त्यावर संसदही कायदा करू शकते आणि राज्यही. दुसरा रस्ता राज्य सूचीतून जातो. दारू, सावकारी, जुगार, पशुधनाचं संरक्षण, सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्याचे विषय, आणि याच सूचीतली नोंद ६४ सांगते की या विषयांवरच्या कायद्यांचा भंग हा गुन्हा ठरवण्याचा अधिकारही राज्याचाच.

हा फरक पुढे फार कामाला येतो. दारूबंदी किंवा सावकारीसारख्या राज्याच्या विषयातला गुन्हा असेल, तर राज्याचा पाय भक्कम असतो. बलात्कार, मारहाण, फसवणूक अशा केंद्रीय संहितेत आधीच असलेल्या गुन्ह्याला हात लावायचा असेल, तर मात्र केंद्राच्या कायद्याशी गाठ पडते. समवर्ती विषयात दोन्ही कायदे एकमेकांशी विसंगत असतील, तर अनुच्छेद २५४ प्रमाणे केंद्राचा कायदा वरचढ. यातून सुटायचं दार एकच आहे: विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवायचं आणि त्यांची संमती मिळवायची. मग त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. पण तेही संसद पुन्हा त्या विषयात हात घालेपर्यंतच.

पायरी ३ : नेमकं काय केलं की गुन्हा?

व्याख्येचा खंड पेन्सिलने वाचायचा. कृती कोणती, करणारा कोण, आणि त्याच्या मनात काय असायला हवं, या तिन्हींखाली रेघ मारा. तिसऱ्याखाली मारायला शब्दच सापडला नाही, तर थांबा.

जादूटोणाविरोधी कायदा म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो २०१३चा अधिनियम या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. ‘अंधश्रद्धा’ असा सैल शब्द वापरून त्याने गुन्हा केलेला नाही. गुन्हा ठरणाऱ्या कृती अनुसूचीत एकेक करून मोजल्या आहेत: भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधून ठेवणं, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देणं, असं. शिवाय प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असं वेगळं लिहिलं आहे. वर्षानुवर्षं ‘वारीवर बंदी येणार’ अशी आवई उठत राहिली, तिला मसुद्यातच दिलेलं हे उत्तर.

याउलट उदाहरण महाराष्ट्र प्राणी संरक्षण अधिनियमाचं. त्यात गोवंशाचं मांस ‘ताब्यात असणं’ हा गुन्हा केला गेला, पण आपल्या हातात काय आहे हे माणसाला ठाऊक असलं पाहिजे, असं म्हटलेलं नव्हतं. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बैल व वळू यांच्या कत्तलीवरची बंदी कायम ठेवली. पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम ५ड आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा बोजा आरोपीवर टाकणारं कलम ९ब, ही दोन्ही रद्द केली. जी तरतूद उरली, तिच्यातला ‘ताबा’ हा जाणीवपूर्वक ताबा असा वाचायचा, असंही सांगितलं. मसुदा लिहिणाऱ्याने गाळलेला एक शब्द न्यायालयाला घालावा लागला.

पायरी ४ : शिक्षेचा खंड

इथे घाई करू नका. अर्धा वेळ इथेच घालवा.

आधी क्रियापदाची शेपटी बघा. ‘तीन वर्षांपर्यंत असू शकेल’ म्हणजे ती कमाल मर्यादा, न्यायाधीश एक महिनाही देऊ शकतात. ‘सहा महिन्यांपेक्षा कमी नसेल’ म्हणजे न्यायाधीशांचा हात तिथे बांधला. जादूटोणाविरोधी कायद्यात किमान सहा महिने, कमाल सात वर्षं आणि दंड ५,००० ते ५०,००० रुपये. मग ‘किंवा’ आणि ‘आणि’ बघा. ‘कारावास किंवा दंड किंवा दोन्ही’ असेल, तर माणूस नुसत्या दंडावर सुटू शकतो. ‘कारावास आणि दंड’ असेल, तर नाही.

आता मुख्य गोष्ट. माणूस किती वर्षं आत राहील, एवढंच काही तो आकडा सांगत नाही. पोलिसांनी दारात पाऊल ठेवल्यापासून पुढचं सगळं त्यावर ठरतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे तपास, अटक आणि खटला कसा चालवायचा हे ठरवणारा केंद्राचा कायदा. तिच्या पहिल्या अनुसूचीचा दुसरा भाग न्याय संहितेबाहेरच्या सगळ्या कायद्यांतल्या गुन्ह्यांना लागू होतो. राज्याच्या कायद्यात वेगळं काही म्हटलं नसेल, तर हिशेब असा:

– तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा किंवा नुसता दंड: अदखलपात्र, जामीनपात्र. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिस तपास करू शकत नाहीत, वॉरंटशिवाय अटकही नाही.
– तीन ते सात वर्षं: दखलपात्र, अजामीनपात्र, खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे.
– सात वर्षांहून जास्त, जन्मठेप किंवा मृत्युदंड: दखलपात्र, अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात.

मसुद्यात ‘दोन’ खोडून ‘तीन’ लिहिलं, की गुन्ह्याची जातच बदलते. ‘तीन वर्षांपर्यंत’ हे कोणत्या गटात मोडतं, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ची शिक्षा तशी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये तो गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला.

याच आकड्यांना आणखी दारं लटकलेली आहेत. तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठी ओलांडलेल्या किंवा दुर्बल माणसाला उपअधीक्षकाच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. तीन वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांना खटल्याची दखल घेण्यासाठी कालमर्यादा आहे, त्यावरच्यांना नाही. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक का आवश्यक आहे, याची कारणं पोलिसांना नोंदवावी लागतात. सात किंवा जास्त असेल, तर न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जाणं आता कायद्यात आलं आहे. दहा किंवा जास्त असेल, तर आरोपपत्राविना कोठडी साठऐवजी नव्वद दिवसांपर्यंत लांबू शकते.

मोक्का, म्हणजे १९९९चा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, यालाही हा तीनचा आकडा लागतो. आधीच्या दहा वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं, ज्यांची न्यायालयाने दखल घेतलेली आहे आणि ज्यांतले गुन्हे तीन किंवा जास्त वर्षांच्या शिक्षेचे दखलपात्र आहेत, हा त्या व्याख्येचा एक कणा आहे. म्हणजे भलत्याच विषयावरच्या विधेयकात एखादा आकडा तीनवर नेला, की तो गुन्हा मोक्काच्या मोजणीतही जाऊन बसू शकतो. सभागृहात यावर कुणी बोललेलं मी तरी फारसं ऐकलेलं नाही.

राज्याने स्वतःच वेगळं लिहिलं, तर अनुसूचीचा हिशेब बाजूला राहतो. सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायदा (२०१६) हे त्याचं चांगलं उदाहरण. शिक्षा तीन वर्षांपर्यंत किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण गुन्हा दखलपात्र आणि जामीनपात्र. पोलिसांनी लगेच गावात जावं, जात पंचायतीची बैठक थांबवावी, पण पंचांना महिनोन्‌महिने कोठडीत ठेवून गावातली तेढ वाढवू नये, असं हे गणित दिसतं. पीडिताची तयारी आणि न्यायालयाची परवानगी असेल, तर प्रकरण आपसात मिटवायची सोयही ठेवली आहे. मला हा मसुदा आवडतो. आकडा कशासाठी ठेवायचा, हे लिहिणाऱ्याला माहीत होतं.

शेवटी कोर्टाची पात्रता बघा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांहून जास्त कारावास देऊ शकत नाहीत. कमाल सात वर्षं लिहून खटला त्यांच्याकडेच दिला असेल, तर वरची चार वर्षं बरेचदा कागदावरच राहतात. जास्त शिक्षा हवीशी वाटली, तर त्यांना प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं.

पायरी ५ : सभागृहात

पुरःस्थापना (म्हणजे विधेयक मांडणं), विचार, खंडशः मतदान, मंजुरी. महाराष्ट्रात दोन सभागृहं आहेत, विधानसभेचे २८८ आणि विधानपरिषदेचे ७८ सदस्य. परिषद विधेयक लांबवू शकते, पण कायमचं अडवू शकत नाही. गोव्यात विधानपरिषदच नाही, चाळीस आमदारांच्या एकाच सभागृहात काम संपतं. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी गोंधळात आवाजी मतदानाने विधेयकं मंजूर होतात, ते सर्वांनी पाहिलेलं आहे.

अधिवेशन चालू नसेल, तर राज्यपाल अध्यादेश काढू शकतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि वर्षानुवर्षं रखडलेलं जादूटोणाविरोधी विधेयक काही दिवसांत अध्यादेश होऊन लागू झालं. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात त्याचा कायदा झाला. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत कायदा झाला नाही, तर अध्यादेश संपतो. आणि विधेयकाला राष्ट्रपतींची संमती लागणार असेल, तर केंद्राला विचारल्याशिवाय तसा अध्यादेशही काढता येत नाही.

विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, तर ती तुमची संधी. विशेष जनसुरक्षा विधेयक समितीकडे गेल्यावर लोकांकडून बारा हजारांहून जास्त सूचना आल्या. जुलै २०२५मध्ये ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, तेव्हा मसुदा बदललेला होता. ‘व्यक्ती आणि संघटना’ या मोघम शब्दांऐवजी कडव्या डाव्या व तत्सम संघटना असा रोख आला आणि तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. विरोधकांचे मूळ आक्षेप त्याने मिटले नाहीत. पण शब्द हलतात, एवढं त्यातून दिसलं.

पायरी ६ : मंजूर झालं म्हणजे लागू झालं नाही

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो. गुलाल उधळला जातो सभागृहाबाहेर, आणि विधेयक त्यानंतर प्रवासाला निघतं.

राज्यपाल संमती देऊ शकतात, पुनर्विचाराला परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. राखून ठेवलं, तर राष्ट्रपतींनी किती दिवसांत निर्णय घ्यावा, याची मुदत संविधानात लिहिलेली नाही. सामाजिक बहिष्काराचं विधेयक १३ एप्रिल २०१६ला मंजूर झालं आणि कायदा लागू झाला जुलै २०१७मध्ये. हे लवकर झालं म्हणायचं. प्राणी संरक्षणाची दुरुस्ती विधानमंडळाने १९९५मध्ये मंजूर केली होती, तिला संमती मिळाली फेब्रुवारी २०१५मध्ये. सहा महिने व १,००० रुपयांची शिक्षा पाच वर्षं व १०,००० रुपयांवर जायला वीस वर्षं लागली. मधल्या काळात तेच कृत्य जुन्याच शिक्षेचं होतं.

शक्ती विधेयकाचं काय झालं, ते आठवून पाहा. आंध्र प्रदेशच्या दिशा विधेयकाच्या धर्तीवर डिसेंबर २०२०मध्ये ते आलं, संयुक्त समितीकडे गेलं आणि डिसेंबर २०२१मध्ये मंजूर झालं. बलात्काराच्या काही गुन्ह्यांना मृत्युदंड, तपासाला तीस दिवस. भाषणं झाली, अभिनंदनं झाली. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. ज्या दंड संहितेत ते दुरुस्ती करू पाहत होतं, ती संहिताच जुलै २०२४मध्ये गेली.

आणखी एक बारकावा. राष्ट्रपतींकडे विधेयक पाठवताना ते कोणत्या केंद्रीय कायद्याशी विसंगत आहे, हे सांगावं लागतं. ज्याचा उल्लेख केला, तेवढ्यापुरतंच संमतीचं कवच मिळतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये ‘कैसर-ए-हिंद’ प्रकरणात स्पष्ट केलं. पत्रात एक कायदा लिहायचा राहिला, तर तिथे भोक राहिलं.

पायरी ७ : तारीख

राजपत्रात कायदा प्रसिद्ध झाल्यावर पहिलंच कलम बघा. ‘तात्काळ अंमलात येईल’ की ‘शासन अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास’? दुसरं असेल, तर ती अधिसूचना निघेपर्यंत कायदा झोपलेला आहे.

अनुच्छेद २०(१) प्रमाणे कृत्य घडलं त्या दिवशी जो गुन्हा नव्हता, तो मागाहून गुन्हा ठरत नाही, आणि त्या दिवशी असलेल्या शिक्षेहून जास्त शिक्षा देता येत नाही. प्रक्रिया किंवा न्यायालय मात्र बदलू शकतं. शिक्षा कमी झाली तर? पश्चिम बंगालने अन्नभेसळीची शिक्षा राज्यापुरती जन्मठेपेपर्यंत वाढवली होती. १९७६मध्ये संसदेने त्याच गुन्ह्यावर नवी दुरुस्ती करून कमी शिक्षा ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८२मध्ये टी. बराई प्रकरणात सांगितलं की राज्याची वाढ संसदेच्या कायद्याने संपली आणि कमी शिक्षेचा फायदा जुन्या आरोपीलाही मिळेल.

जुन्या मुंबई राज्यातही हेच घडलं होतं. १९४७मध्ये राज्याने जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्यातली शिक्षा तीनवरून सात वर्षांवर नेली. १९५०मध्ये केंद्राने त्याच शिक्षांची फेररचना केली. मग परवान्याशिवाय ज्वारी नेल्याच्या एका खटल्यात आरोपी म्हणाला, सात वर्षांचा गुन्हा असेल तर या दंडाधिकाऱ्याला मला शिक्षा करायचा अधिकारच नाही. १९५४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘जव्हेरभाई अमैदास’ प्रकरणात राज्याची वाढ संपलेली धरली आणि दंडाधिकाऱ्याचा अधिकार कायम ठेवला.

हरकत लिहायची असेल तर

‘हा काळा कायदा मागे घ्या’ असं लिहिलेलं पत्र समितीच्या गठ्ठ्यात मोजलं जातं, वाचलं जाईलच असं नाही. एका हरकतीला एक परिच्छेद द्या: खंड क्रमांक, अडचण, आणि बदली शब्द. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण सचिवालयातल्या माणसाला तुमचं वाक्य उचलून मसुद्यात बसवता आलं पाहिजे. नमुना असा:

‘खंड ६, उपखंड (१): “ताब्यात असेल” या शब्दांऐवजी “जाणीवपूर्वक ताब्यात असेल” हे शब्द घालावेत. खंड ९: “तीन वर्षांपर्यंत” या शब्दांऐवजी “दोन वर्षांपर्यंत” हे शब्द घालावेत, तसे न केल्यास हा अपराध जामीनपात्र असेल असे खंड १० मध्ये स्पष्ट नमूद करावे.’

खाली मसुद्याची तारीख, तुमचं नाव, पत्ता. पोच घ्या आणि एक प्रत स्वतःच्या आमदारांना द्या. खंडशः मतदानाच्या वेळी दुरुस्ती मांडायचा अधिकार सदस्यांनाच असतो.